आकडा खिशात ठेवा

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक विनोद कायम फिरत असतो : अ‍ॅपवर चढवली नाही, तर राइड झालीच नाही. मीही त्यावर बरीच वर्षं हसलो. मग एका रविवारी बोपदेव घाटाच्या उतारावर पडलो आणि उठल्या उठल्या पहिल्यांदा हँडलवरच्या यंत्राकडे बघितलं. रेकॉर्डिंग चालू आहे ना? कोपरातून रक्त येत होतं, ते नंतर दिसलं. ज्यांच्या शेळ्यांना चुकवताना मी ब्रेक दाबला होता, त्या मावशी कडेला उभ्या होत्या. "एवढी कसली घाई झालीया रं लेकरा?" त्यांनी विचारलं.

खरं उत्तर असं होतं, की त्या उतारावरची माझीच जुनी वेळ मला चार सेकंदांनी मोडायची होती. हे त्यांना सांगायची लाज वाटली. "काही नाही मावशी," म्हणालो आणि चेन बसवायला लागलो.

तेव्हा सरळच सांगतो. सायकल चालवताना वेगाचा आकडा डोळ्यांसमोर नको. आणि सगळ्यांच्या वापरातल्या रस्त्यावर सेकंदांची क्रमवारी तर अजिबातच नको. अंतर मोजा, नोंद ठेवा, घरी येऊन आलेख बघत बसा. माझी काही हरकत नाही. पण रस्त्यावर असेपर्यंत आकडा खिशात राहू दे.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघायला मिळते : टीमसमोर एखादा आकडा लावला, की सगळे तो आकडा सुधारायला लागतात. काम सुधारेलच असं नाही. किती तिकिटं बंद केली हे मोजलं, तर लोक एका कामाची पाच तिकिटं करतात. यात कुणी लबाड नसतं. समोर जे दिसतं, त्याच्यामागे माणूस जातो, एवढंच.

सायकलवर हा आकडा म्हणजे सरासरी वेग. त्याचं गणित एकदा करून बघा. समजा, १० किलोमीटर चढ तुम्ही ताशी १० च्या वेगाने चढलात आणि तेवढाच उतार ताशी ४० ने उतरलात. एक तास आणि पंधरा मिनिटं. सरासरी पडली १६. आता तीन मिनिटं वाचवायची आहेत. दोन मार्ग आहेत. चढावर ताशी साधारण अर्धा किलोमीटर जास्त काढा, किंवा उतारावर ४० चे ५० करा. दमलेल्या पायांना चढावरचा तो अर्धा किलोमीटर फार महाग पडतो. उतारावर ब्रेक सोडायला काहीच कष्ट नाहीत. पण ४० चे ५० झाले, की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दीडपटीहून जास्त होतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेवढ्या अंतरात तीन शेळ्या आणि एक मावशी आरामात मावतात.

म्हणजे आकडा आपल्याला सगळ्यात स्वस्त वाटेने ओढतो आणि तीच वाट सगळ्यात धोक्याची असते. बाकीचे परिणाम किरकोळ वाटतील, पण तेही बघा. सिग्नल पिवळा झाला, की आपण वेग कमी करण्याऐवजी वाढवतो. चहासाठी थांबायचं नको वाटतं. मित्राचं पंक्चर झालं, की आधी त्याची दया येत नाही, आपल्या वेळेची काळजी वाटते. मला वाटली आहे.

यावर मित्र चिडतात. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पहिलं : मोजल्याशिवाय ट्रेनिंग कसं करणार? बरोबर. पण वेग हे ट्रेनिंगचं कच्चं माप आहे. समोरून वारा असला, तर जीव तोडूनही ताशी १८ दिसतात. पाठीमागून असला, तर गप्पा मारत २८. ज्यांना खरंच तयारी करायची आहे, ते हृदयाचे ठोके बघतात, परवडत असेल तर पॉवर मीटर लावतात. दुसरं : नव्या माणसाला आकड्यांमुळे हुरूप येतो. खरं आहे. मलाही पहिले ५० किलोमीटर झाल्यावर आईला फोन करावासा वाटला होता. पण तो आनंद अंतराचा होता. तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : एकटीने पहाटे निघणाऱ्या मैत्रिणीचं लाइव्ह लोकेशन घरच्यांना कळत असतं. ते कळायलाच हवं. त्यासाठी फोन खिशात असला तरी चालतो. तिन्ही मुद्दे मान्य करूनही हँडलवरचा वेग आणि क्रमवारी यांची बाजू कुठेच येत नाही.

मग स्पर्धा करायचीच नाही का? जरूर करा. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर काढले, ते बंदिस्त ट्रॅकवर. समोरून कुणी येणार नव्हतं. आणि मोकळ्या रस्त्यावरच कस लावायचा असेल, तर बीआरएम आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४०. ठरल्या ठिकाणी हजेरी नोंदवायची, वेळेत पोचायचं, बस. पहिला-दुसरा असा नंबर काढत नाहीत. उलट फार लवकर पोचलात, तर कंट्रोल उघडलेलाच नसतो. हेही मोजणंच आहे, पण ज्यांनी नियम केले, त्यांनी हा रस्ता इतरांचाही आहे हे आधी लक्षात घेतलं.

२०१० साली कॅलिफोर्नियात बर्कलीच्या टेकड्यांमध्ये एक सायकलस्वार उतारावर मरण पावला. स्ट्राव्हावरचा हातचा गेलेला विक्रम परत मिळवायला तो निघाला होता, असं त्याच्या कुटुंबाचं म्हणणं. त्यांनी कंपनीवर दावा केला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. सायकल चालवण्यातली जोखीम चालवणाऱ्याची. मला तो निकाल पटतो, आणि त्याचमुळे जास्त अस्वस्थ व्हायला होतं. क्रमवारी दाखवणारा एकीकडे, ब्रेक सोडणारा दुसरीकडे, आणि भरपाई ब्रेक सोडणाऱ्याने करायची. किंवा वळणापलीकडे जो कुणी उभा असेल त्याने.

त्या मावशींनी कुठल्याही अटींवर टिक केली नव्हती. त्यांच्या रोजच्या वाटेवर शर्यत चालू आहे, हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

पुढच्या रविवारी यंत्र हँडलवरून काढा आणि जर्सीच्या मागच्या खिशात टाका. पहिला अर्धा तास हात उगाच तिकडे जाईल, माझाही जात होता. उतारावर ब्रेक दाबावासा वाटला, तर दाबा. ग्रुपवर कुणीतरी विचारेलच, "सरासरी किती बसली?" खरंच माहीत नसेल, तर तसं सांगा.