नावे उसनी चालतील, क्रिया नकोत

मराठीतून विज्ञान शिकवण्याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला आहे. 'अपरूपता', 'समघटकता', 'संप्लवन', 'उदासिनीकरण' हे शब्द एका दमात म्हणून दाखवायचे आणि विचारायचे, घरात हे कोण बोलतो? मग निष्कर्ष येतो: ही परिभाषा कृत्रिम आहे, संस्कृतामुळे जड आहे आणि जगात कुठे चालत नाही, तेव्हा विज्ञान इंग्रजीतच शिकवा. सेमी-इंग्रजी वर्गांना याच युक्तिवादाचे बळ मिळते. म्हणून तिन्ही आक्षेप तपासले पाहिजेत.

आधी कृत्रिमता. 1820 च्या दशकात व्होलर आणि लीबिग या रसायनशास्त्रज्ञांनी अनुक्रमे सिल्व्हर सायनेटचे आणि सिल्व्हर फल्मिनेटचे पृथक्करण केले. घटक तेच निघाले, प्रमाणही तेच. पण फल्मिनेट अत्यंत स्फोटक आणि सायनेट तसे नाही. एकाच्या कामात चूक असावी, अशी शंकाही घेतली गेली. चूक कोणाचीच नव्हती. तेच अणू निराळ्या रीतीने जोडले गेले की पदार्थ बदलतो, हे पुढे स्पष्ट झाले. या प्रकाराला नाव नव्हते, म्हणून 1830 मध्ये बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ग्रीकमधून 'आयसोमर' हा शब्द घडवला. स्वीडनमधल्या घरांत ग्रीक बोलले जात नव्हते. नव्या कल्पनेसाठी अभिजात भाषेतून शब्द घडवणे हा विज्ञानाचा जुना रिवाज आहे आणि 'समघटक' त्याच रिवाजाने आला. फरक एवढाच, की मराठी मुलाला 'समान' आणि 'घटक' दोन्ही आधीपासून माहीत असतात.

दुसरा आक्षेप जडपणाचा. जे आधी नव्हते ते होणे, यासाठी पाणिनीने 'च्वि' हा प्रत्यय सांगितला. व्याकरणकार या अर्थाला अभूततद्भाव म्हणतात. बाष्प नव्हते ते बाष्प झाले: बाष्पीभवन. स्फटिक नव्हता तो झाला: स्फटिकीभवन. रूप बदलण्याची कल्पना इथे शब्दाच्या घडणीतच बसलेली आहे. शिवाय आपोआप होते त्याला साधारणपणे 'भवन' आणि घडवून आणले जाते त्याला 'करण' लावता येते. 'क्रिस्टलायझेशन' या शब्दात हा भेद दिसत नाही. आणि ही रचना पोथीत अडकलेली नाही. रस्त्याचे रुंदीकरण, डांबरीकरण, काँक्रिटीकरण, कचेरीचे संगणकीकरण हे शब्द गावोगावच्या फलकांवर आहेत. डांबरीकरण सहज वाचणाऱ्याला उदासिनीकरण पेलणार नाही, असे म्हणणे त्याच्या बुद्धीचा अपमान आहे.

तिसरा आक्षेप जागतिकतेचा. तो अर्धा खरा आहे आणि तेवढा मान्यही करावा. ऑक्सिजन, कार्बन, सायनेट ही नावे आहेत, ती जशीच्या तशी घ्यावीत. 'ऑक्सिजन'चा मूळ अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच, अशी रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात तो नाही, हे डेव्हीने 1810 मध्ये दाखवले. तरी नाव टिकले. कारण नाव ही खूण असते, तिचा मूळ अर्थ चुकीचा ठरला तरी काम भागते. क्रिया आणि नाते सांगणारा शब्द मात्र अर्थासकट कळावा लागतो, नाहीतर विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि घटना त्याला दिसत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'ऑक्सिडीकरण' हा शब्द मला म्हणूनच आदर्श वाटतो: नाव जगाचे, होण्या-करण्याचा प्रत्यय आपला.

हाच निकष परिभाषाकारांनाही लागू होतो. 'लार्व्हा'साठी 'डिंभ' हा संस्कृत शब्द आणण्याची गरज नव्हती. कपाशीतली बोंडअळी आणि उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. वळवाचा पाऊस झाला की जमिनीतून भुंगेरे निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्याच वेळी ते गोळा करून मारले तर पुढची अंडी टळतात. हुमणी आणि भुंगेरा ही एकाच किड्याची दोन रूपे आहेत, हे ज्याला ठाऊक आहे तोच हा उपाय वेळेवर करतो. अंडी, अळी, कोष, भुंगेरा: रूपांतरणाचा धडा या शब्दांनी सुरू झाला पाहिजे. रानात शब्द असताना कोशातून नवा काढणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, आणि एकाच कल्पनेला दोन पुस्तकांत दोन शब्द वापरणे हाही.

म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि शिक्षकांना सांगणे आहे: नावे जगाकडून घ्या, जिवंत शब्द शेतातून घ्या आणि बदलाच्या क्रिया मराठीतच सांगा. ही परिभाषा अवघड नाही. तिची फोड करून शिकवण्याचा कंटाळा आपण केला आहे, आणि तो आता सोडला पाहिजे.