शाळेचं पान : नाव तपासलंत का?



जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. दप्तर, डबा, रेनकोटच्या गडबडीत एक काम राहून जातं : शाळेच्या रजिस्टरमधलं मुलाचं नाव तपासणं.

आपल्या घरांत हे नेहमीचंच. जन्मदाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, शाळेत ‘महंमद’. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. माझ्या धाकट्या भावाच्या दाखल्यातली अशीच चूक दहावीनंतर लक्षात आली. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, कचेरीच्या फेऱ्या. अब्बांचे कितीतरी रोज बुडाले.

मूल शाळेत असताना दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटली की अवघड. म्हणून मुख्याध्यापकांना भेटा, जनरल रजिस्टरमधली नोंद जन्मदाखल्याशी ताडून पाहा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. चूक असेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा :

• वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ तसं सांगतो.

• सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण मोफत असतं.

• केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीसाठी बंद आहे. त्या वर्गांचा फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका.

अकीक्याच्या वेळी किती विचार करून आपण नाव ठेवतो! कागदावरही ते तसंच राहू द्या.