कव्हर गायब, नावं हजर!

समजा, तुम्ही म्युझिक शॉपमध्ये उभे आहात. रॅकमधून एक सीडी उचलता. प्लॅस्टिकची पारदर्शक डबी, आत चकचकीत डिस्क आणि कडेला लाल चिकटपट्टीचा एक तुकडा. बास! समोर ना फोटो, ना गायकाचं नाव, ना अल्बमचं. तुमची पहिली रिअॅक्शन काय असेल? ‘बॉस, यातलं कव्हर कुणीतरी ढापलंय. दुसरा पीस दाखवा.’

दुसरा पीसही अस्साच निघणार. कारण कान्ये वेस्टचा ‘यीझस’ हा अल्बम १८ जून २०१३ला बाजारात आला तोच मुळी असा, अंगावर कपडे न घालता! आणि गंमत म्हणजे अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ३ लाख २७ हजार प्रती खपल्या आणि तो थेट पहिल्या नंबरवर जाऊन बसला. पॅकेजिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं घोकलेला ‘जो दिसेल तोच खपेल’ हा फंडा इथे पार उताणा पडला. की नाही पडला? जरा डबी हातात घेऊन बघू या.

सीडीच्या या डबीला ज्युएल केस म्हणतात. झाकण, तळ आणि डिस्क अडकवायचा ट्रे असा तिचा तीन तुकड्यांचा संसार. झाकणाला आतून बारीक खुंट्या असतात. त्यात बुकलेट सरकवायचं. ट्रेखाली एक छापील कागद असतो, त्याच्या दोन्ही कडा दुमडल्या की डबीच्या पाठीवर नाव येतं. फडताळात पन्नास सीडी उभ्या लावल्या तरी हवी ती सापडते ती या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीमुळे. ‘यीझस’मधून हे दोन्ही कागद काढून टाकलेत. बुकलेटच्या खुंट्या आहेत, पण त्यांना धरायला काही नाही. एरवी ज्या प्लॅस्टिककडे आपण ढुंकूनही बघत नाही, तेच इथे समोर येतं. आणि ती लाल पट्टी? ती लावलीय डबी उघडते त्याच कडेवर. म्हणजे गाणी ऐकायची तर आधी सील तोडा! अख्ख्या डिझाइनमधला एकमेव रंग आणि तोही नेमका तुमचं बोट जाईल तिथे. याला आळस म्हणायची हिंमत आहे?

कोरं कव्हर ही काही कान्येची ओरिजिनल आयडिया नाही. १९६८मध्ये बीटल्सनी रिचर्ड हॅमिल्टन या चित्रकाराकडून पांढरंशुभ्र कव्हर करून घेतलं होतं. पण त्यावर उठावात बँडचं नाव होतं, सुरुवातीच्या प्रतींवर अनुक्रमांक होता आणि आत पोस्टर नि फोटोही होते. पांढरा हाही शेवटी एक रंगच. ‘यीझस’ त्यापुढे गेला. त्यानं कव्हर कोरं ठेवलं नाही, कव्हर नावाची वस्तूच काढून टाकली.

आणि हे केलं कुणी? हिपहॉपवाल्यांनी! जिथे नव्वदीच्या दशकात ह्यूस्टनच्या ‘पेन अँड पिक्सेल’सारख्या स्टुडिओंनी कव्हरवर हिरे, गाड्या, सोन्याची अक्षरं अशी काही खच्चून भरली की लग्नाचा मांडव फिका पडावा. खुद्द कान्येही काही साधा भोळा गडी नव्हता. २००७च्या ‘ग्रॅज्युएशन’साठी त्यानं जपानच्या ताकाशी मुराकामीला गाठलं. २०१०च्या अल्बमसाठी जॉर्ज काँडोकडून एकाला पाच चित्रं करून घेतली. २०११मध्ये जे-झीबरोबरच्या ‘वॉच द थ्रोन’ला तर रिकार्डो टिशी या फॅशन डिझायनरनं सोन्यानं मढवलेलं कव्हर दिलं. आणि दोनच वर्षांत एकदम शून्य. रोज शेरवानी घालणारा माणूस अचानक गंजीफ्रॉकवर पार्टीला आला, तर सगळे वळून बघणारच ना? रिकाम्या डबीचा इम्पॅक्ट आहे तो आधीच्या भरलेल्या डब्यांमुळे. नवख्या गायकानं हेच केलं असतं तर दुकानदारानं माल परत पाठवला असता.

शिवाय ज्या जाहिरातीचं काम कव्हर करतं, ते आधीच झालं होतं. १७ मे २०१३च्या रात्री कान्येनं वेगवेगळ्या शहरांतल्या ६६ इमारतींवर प्रोजेक्टरनं आपल्या गाण्याचा व्हिडिओ दाखवला. भिंतीच कव्हर झाल्यावर डबीवर काय छापायचं?

पण नुसता स्टंट असता तर लोक विसरले असते. हे पॅकेजिंग टिकलं, कारण आतलं संगीतही असंच सोललेलं आहे. रिलीजला थोडेच दिवस उरले असताना कान्येनं निर्माता रिक रुबिनला बोलावलं, ते गाण्यांमध्ये काही घालायला नव्हे, तर काढायला. हा तोच रुबिन, ज्यानं १९८५मध्ये एलएल कूल जेच्या पहिल्या अल्बमवर आपलं श्रेय ‘प्रोड्यूस्ड’ऐवजी ‘रिड्यूस्ड बाय’ असं छापून घेतलं होतं. ‘यीझस’मध्ये शेवटी उरली दहा गाणी आणि साधारण ४० मिनिटं. कानाला जे ऐकू येतं तेच हाताला लागतं. चांगलं पॅकेजिंग म्हणतात ते हेच.

डिझाइन केलं कान्येच्या ‘डोंडा’ या क्रिएटिव्ह कंपनीनं आणि त्यात मोठा वाटा व्हर्जिल अॅब्लोचा. हा पठ्ठ्या मूळचा सिव्हिल इंजिनिअर, मग शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्किटेक्चर शिकला. त्या कॅम्पसचा आराखडा मीस व्हॅन डर रोहचा. म्हणजे काच, पोलाद आणि इमारतीचा सांगाडा उघडा ठेवायची खोड. कळलं ना, डबीत ही हवा कुठून शिरली? पुढे २०१८मध्ये व्हर्जिल लुई व्हितॉंच्या पुरुषांच्या फॅशनचा प्रमुख झाला आणि २०२१मध्ये, वयाच्या अवघ्या ४१व्या वर्षी, कॅन्सरनं गेला. ‘यीझस’मागची त्याची कल्पना होती सीडीचं अंत्यदर्शन. सीडीचा जमाना संपत आला होता, तेव्हा तिला सजवायचं कशाला? झाकण उघडं ठेवा, लोकांना शेवटचं बघू द्या.

आज स्ट्रीमिंग अॅपवर ‘यीझस’ शोधा. तिथे अंगठ्याच्या नखाएवढा फोटो दिसतो तो याच प्लॅस्टिकच्या डबीचा. ज्यांनी सीडी कधी हातात धरली नाही, तेही तो बघत गाणी ऐकतात. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसारखाच की!

आता डबी उलटी करा. खरी गोष्ट तिथे आहे.

मागे एक स्टिकर आहे. बारकोड आणि बारीक अक्षरांत सॅम्पल्सची श्रेयं. सॅम्पल म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमधला तुकडा उचलून नव्या गाण्यात विणायचा. ‘यीझस’च्या सॅम्पल्समध्ये नीना सिमोन आहे, जमैकाचा केपलटन आहे आणि... सावरून बसा, मंडळी... आपल्या आशाताई आहेत! ‘सीता और गीता’ (१९७२) मधलं आशा भोसले आणि मन्ना डे यांचं ‘अरे जिंदगी है खेल’ हे गाणं कान्येच्या ‘आय अॅम अ गॉड’मध्ये वापरलंय. स्वतःला देव म्हणवणाऱ्या गाण्यात आनंद बक्षी आणि आर. डी. बर्मन यांचा वाटा!

मला या पॅकेजमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. चेहरा काढला, अल्बमचं नाव काढलं, चित्रं, बुकलेट सगळं काढलं. स्टार स्वतःच्या डबीवरून गायब झाला. पण ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं काढता आली नाहीत. अर्थात हे काही मनाच्या मोठेपणातून झालं नाही. सॅम्पल वापरायचं तर परवानगी, पैसे आणि श्रेय हे सगळं करारात येतं. आणि नुसतं नाव छापूनही भागत नाही. ‘न्यू स्लेव्हज’मध्ये हंगेरीच्या ओमेगा या बँडचं १९६९चं गाणं वापरलं, त्यावरून संगीतकार गाबोर प्रेसर २०१६मध्ये अमेरिकेत कोर्टात गेला. पुढे तडजोड झाली.

आणि कान्ये? २०२१मध्ये त्यानं कायद्यानं नाव बदलून ‘ये’ केलं, २०२२मध्ये ज्यूंविरोधात गरळ ओकली आणि आदिदासनं करार तोडला. त्याचं स्वतःचं नाव मिरवण्यासारखं उरलं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण मागच्या स्टिकरवरची नावं मात्र जागेवर आहेत.

अॅपमध्ये आता तो स्टिकरच नाही. तीन टिंबांवर टॅप करा, मेन्यूत खाली जा, मग कुठेतरी क्रेडिट्स सापडतात, तीही बऱ्याचदा अर्धवट. किती जण जातात तिथवर? ऑफिसात वेगळं काय होतं? पन्नास स्लाइड्सचं प्रेझेंटेशन असतं. पहिल्या स्लाइडवर बॉसचं नाव, शेवटच्यावर ‘थँक यू’. आणि रात्री दोनपर्यंत एक्सेलशी झुंजलेला पोरगा? त्याचं नाव कुठल्या मेन्यूत शोधायचं?

तेव्हा पुढच्या वेळी ‘मिनिमल डिझाइन’च्या नावाखाली डेक साफ करायला बसाल, तेव्हा लोगो उडवा, क्लिपआर्ट उडवा, वाटल्यास स्वतःचं नावही उडवा. शेवटचा स्टिकर तेवढा राहू द्या.