समूहगान सहा जणांचे?

वार्षिक अहवालात ‘समूहगान पथकाने यंदाही चमक दाखविली’ असे एक वाक्य ठरलेले असते. ते खोटे नसते. परंतु हे पथक म्हणजे किती जण, असे विचारले तर उत्तर मिळते : सहा. युवा महोत्सवाच्या नियमाप्रमाणे समूहगीताला सहा गायक आणि तीन साथीदार. मग चाचणीला आलेली बाकीची वीस-पंचवीस मुलेमुली जातात कुठे?

माझ्या मते समूहगान त्या सर्वांचे आहे, आणि ते टिकते ते स्पर्धेमुळे नव्हे, तर सुट्ट्यांमुळे.

कसबा बावड्यात राहणाऱ्याला हे पटवून द्यावे लागू नये. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटेचा काकडा चालतो. तिथे आवाजाची परीक्षा घेऊन कुणाच्या हाती टाळ देत नाहीत. पुढचा चाल धरतो, मागचे उचलतात. ज्याला वरचा सूर झेपत नाही तो खालच्या सप्तकात म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्यापैकी गावात असलेले आठ-दहा जण काकड्याला जातात आणि तेथून कुणाच्या तरी माडीवर जमतात. एक पेटी, एक ढोलकी आणि घरोघरचे फराळाचे डबे. (चिवडा खाल्ल्यावर तार षड्ज लागत नाही, हा सिद्धान्त आम्ही स्वानुभवाने मांडला आहे.) निवड न झालेलेही येतात, किंबहुना तेच आधी येतात. गेल्या दिवाळीत एका चालीतली नेमकी जागा आम्हांला दाखविली ती चाचणीत गळालेल्या मुलाने. त्याच्या आजोबांचे भजन आहे, त्याच्या कानावर ती लहानपणापासून पडलेली! त्रिपुरीला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावून झाल्यावर आम्ही तीच चाल म्हटली.

मग येतो नाताळ. वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून येथे मराठी ख्रिस्ती मंडळी आहेत. आमच्यातील एका मैत्रिणीमुळे आम्ही त्यांच्या रात्रीच्या गायनफेरीत जाऊ लागलो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते अभंगाच्या वळणाची, त्यामुळे परकेपणा वाटला नाही. शिकण्यासारखे होते ते निराळेच. स्पर्धेत आम्ही मुलांची काळी एक आणि मुलींची काळी चार यांच्या मधली पट्टी धरतो आणि दोघांचेही गळे ताणतो. त्यांच्या काही गीतांत मात्र उंच, मध्यम आणि खर्जातल्या आवाजांना वेगवेगळ्या ओळी वाटून दिलेल्या. जाड आवाजाच्या मुलाला तिथे मानाची जागा! डिसेंबरात उसाला तोड आली की आमची निम्मी मुले फडात असतात. अशा वेळी त्यांची ओळ दुसऱ्याने सांभाळायची, हेही तिथेच अंगवळणी पडले.

यावर आक्षेप येईल, की पंचवीस जण एकत्र गायले तर गोंधळच होईल. वसंत देसाई यांची उमेदवारी कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये झाली. पुढे त्यांनीच ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमात हजारो शाळकरी मुलांना एका सुरात गायला लावले. आपण तर पंचवीसच आहोत, आणि वयानेही थोडे मोठे. स्पर्धा नको असे मी म्हणत नाही; चषक सर्वांनाच आवडतो. परंतु चषक आला की दुसऱ्या दिवशी सरावाच्या खोलीला कुलूप लागते आणि पेटी कपाटात जाते, ती थेट पुढच्या चाचणीपर्यंत. हे काही बरोबर नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत खोलीची किल्ली मिळावी, आणि स्नेहसंमेलनात बक्षीसपात्र गीताआधी एक गीत सर्वांनी मिळून म्हणावे. नोंदवहीत सही करून किल्ली न्यायला आम्ही तयार आहोत. पेटीच्या भात्याला पडलेले भोक मात्र त्याआधी कुणीतरी बुजवायला हवे.