पाणबुडीतलं स्वयंपाकघर

सहलीला गेल्यावर एक गंमत हमखास बघायला मिळते. देऊळ आलं, साड्यांचं दुकान आलं की सगळ्या जणी भराभर उठतात. पण तोफा, विमानं, युद्धनौका असं काही आलं की, "तुम्ही या मुलांना दाखवून, आम्ही बसतो इथेच," म्हणत बायका पिशव्या सांभाळत बाकावर बसतात. लढाईचं सामान म्हणजे पुरुषांचं आणि मुलग्यांचं, हे आपण मनात पक्कं करून टाकलेलं असतं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरची 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी आतून पाहिल्यापासून मला मात्र वाटायला लागलंय, की अशा जागा आपण बायकांनी आवर्जून बघाव्यात. त्या आपल्याला जितक्या कळतात, तितक्या इतरांना कळत नसतील!

सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी डिसेंबर १९६९ मध्ये आपल्या नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिनं अरबी समुद्रात गस्त घातली. एकतीस वर्षं चाकरी करून फेब्रुवारी २००१ मध्ये ती निवृत्त झाली. मग तिला ओढून किनाऱ्यावर आणलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिचं संग्रहालय झालं. लांबी एक्याण्णव मीटर, म्हणजे बाहेरून भलीमोठी दिसते. आत शिरलं की कळतं, सगळी जागा यंत्रांनीच खाल्लीय. माणसानं उरलेल्या फटींत राहायचं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल, जाडजूड लोखंडी दार. आधी एक पाय टाकायचा, मग वाकून डोकं, मग दुसरा पाय. साडी नेसून हे जमतं, घाबरू नका.

मुलं टॉर्पेडोंजवळ रेंगाळतात. मी रेंगाळले ती स्वयंपाकघराशी. आपल्याकडच्या भांड्यांच्या कपाटापेक्षा थोडं मोठं असेल. आणि माणसं किती? सुमारे पंचाहत्तर! डुलणाऱ्या पाणबुडीत, खिडकी नाही, वारा नाही, अशा जागी उभं राहून कोणीतरी एवढ्या जणांचा स्वयंपाक करायचा. झोपायच्या फळ्या एकावर एक. एकाची पाळी संपली की तो येऊन आडवा होणार, दुसरा उठून कामाला जाणार, अंथरूण तेच. गोडं पाणी मोजून मापून, त्यामुळे अंघोळीची चैन नाही. ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तिथल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन खोल्यांत आठ माणसांचा संसार केलेल्या बाईलाही नाही. शौर्य म्हटलं की आपल्यापुढे गोळ्या झाडणारा जवान येतो. पण महिनोन् महिने अडचणीत, एकमेकांचे स्वभाव सांभाळत राहणं आणि रोज वेळेवर जेवण तयार ठेवणं, हेही शौर्यच की!

आणि मग मनात आली ती किनाऱ्यावरची माणसं. पाणबुडी पाण्याखाली गेली की तिची खबरबात नाही. घरी म्हातारे सासूसासरे, शाळेत जाणारी पोरं, आणि ती. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात आपली 'आयएनएस खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. एकशे चौऱ्याण्णव घरं! ज्या पाकिस्तानी पाणबुडीनं ती बुडवली, त्या 'हंगोर'चंही आज कराचीत संग्रहालय आहे. आणि पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी त्याच महिन्यात बुडाली ती विशाखापट्टणमच्याच समुद्रात. म्हणजे 'कुरसुरा'समोरच्या पाण्यात तिकडच्या आयांचीही मुलं आहेत. हे आठवलं की 'आम्ही जिंकलो' एवढंच म्हणून तिथून परत फिरवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की अशा संग्रहालयांत टॉर्पेडोची लांबी आणि इंजिनाची ताकद यांच्या जोडीला घरच्यांची गोष्टही यावी. दोन ओळींची पत्रं, एखादा फोटो, एखाद्या पत्नीचं मनोगत. लढाईचा अर्धा भार ज्यांनी घरात राहून वाहिला, त्यांना एक भिंत तरी मिळावी.

"जुन्या लोखंडावर कशाला खर्च?" असं म्हणणारे भेटतात. त्यांचंही अगदीच खोटं नाही. आपल्या मुंबईत 'विक्रांत' होती. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली आपली पहिली विमानवाहू नौका. जानेवारी १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढे तिचं संग्रहालय झालं. पण एवढं धूड पाण्यात उभं ठेवायचं म्हणजे लोखंड गंजणार, डागडुजी परवडणार नाही. २०१२ मध्ये ते बंद झालं, २०१४ मध्ये नौकेचा लिलाव झाला आणि ती मोडीत निघाली. आज त्याच नावाची नवी 'विक्रांत' नौदलात आहे, त्याचा अभिमान आहेच. पण आजीच्या पाटल्या मोडून केलेला नवा दागिना कितीही सुरेख असला, तरी त्या पाटल्या त्या पाटल्याच. त्या परत येत नाहीत.

म्हणून जे उरलंय ते बघायला जाऊ या. विशाखापट्टणम-अराकूची सहल ठरली तर एक वेळ 'कुरसुरा'साठी ठेवा. तेवढी सोमवारची सुट्टी लक्षात असू द्या. आपल्याकडून गोव्यापलीकडे कारवारला गेलात, तर तिथल्या किनाऱ्यावर 'आयएनएस चपळ' ही क्षेपणास्त्र नौका आहे. तिकिटाचे पैसे जातात ते वाया जात नाहीत, बघायला येणाऱ्यांवरच अशा जागा तगतात.

आणि मुलींना बाकावर बसवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्या हाती 'आयएनएस त्रिंकट' ही युद्धनौका सोपवली गेली. नौदलाच्या नौकेची सूत्रं हाती घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्यासारखी एखादी आज आपल्या घरात सहावीत असेल, कोणी सांगावं! तिला त्या गोल दारातून आत जाऊ द्या. पिशव्या काय, घरातला कोणी पुरुषही सांभाळेल थोडा वेळ.