मूळ प्रत कोणाच्या हाती?

मोबाइलच्या पडद्यावर मराठी नीट वाचता येत नव्हती, ते दिवस काही फार जुने नाहीत. २०१०-११ च्या सुमाराच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर उघडला, की अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उभी राही. ज्यांना आपली भाषा आपल्या फोनवर वाचण्याची निकड होती, अशा खटपट्या मंडळींनी तेव्हा एक वाट शोधली. फोनवरील निर्बंध दूर सारून त्यांनी 'रूट'चा, म्हणजे थेट मुळापर्यंत पोचण्याचा, अधिकार मिळवला आणि कंपनीने दिलेल्या टंकाच्या फाइलीच्या जागी देवनागरी अक्षरे असलेली फाइल बसवली. जोडाक्षरे पुष्कळदा फुटलेलीच राहत, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी पडे; तरी वाचता येई. पुढे कधीतरी कंपनीचे अपडेट येई आणि निम्म्या वाटेवर अडून बसे. कारण शोधू गेले तर ती बदललेली एक फाइल.

टंकाचा प्रश्न यथावकाश सुटला. अपडेटचा सुटलेला नाही. आजही कोणी कंपनीने लादलेली नको ती अॅप्स काढून टाकण्यासाठी, कोणी कंपनीने वाऱ्यावर सोडलेला जुना फोन चालता ठेवण्यासाठी, तर कोणी विद्यार्थी निव्वळ जिज्ञासेपोटी फोनच्या प्रणालीत फेरफार करतो आणि पुढचे अपडेट आले की अडतो.

हे का घडते, ते कचेरीत काम करणाऱ्यास चटकन उमजेल. अपडेट हे बहुधा संपूर्ण नवे पुस्तक नसते; ते शुद्धिपत्रक असते. अमुक पानावरील अमुक ओळीऐवजी तमुक ओळ वाचावी, असे सांगणाऱ्या शुद्धिपत्रकाला मूळ निर्णयाची प्रत जशीच्या तशी समोर असावी लागते. पानच बदललेले असेल, तर दुरुस्ती करायची कशात? म्हणून अपडेट आधी जुन्या प्रतीचा ताळा घेते आणि तो जमला नाही की काम थांबवते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पर्यंत हा ताळा फाइलीफाइलीचा होता. त्यानंतर तो प्रणालीच्या संपूर्ण भागाचा होऊ लागला, आणि तेथे एका अक्षराची ढवळाढवळही खपेनाशी झाली. यात यंत्राची अढी नाही. भलत्या प्रतीवर दुरुस्ती चढवली, तर फोन सुरूच न होण्याचा धोका असतो. अडलेले अपडेट हे पुष्कळदा टळलेले संकट असते.

आक्षेप आहे तो यापुढच्या वागणुकीला. फेरफार करणारा जणू गुन्हेगार ठरतो. "तुम्ही हात लावलात, आता तुम्हीच निस्तरा" असे ऐकून त्याला परतावे लागते. ज्या नगरजवळ लष्करी वाहनांच्या चाचण्या घेणारी संरक्षण संशोधन संस्था आहे, तेथील वाचकास तरी सांगायला नको, की मोटारीत फेरफार करण्याला कायद्याने रीत घालून दिली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आहे. गॅसचा संच बसवावा, त्याची नोंद करून घ्यावी, मोटार रस्त्यावर आणावी. फोनला अशी रीत नाही.

वस्तुतः अडलेल्या अपडेटवरचा उपाय गूढ नाही. सगळी दुरुस्ती एका वाक्यात सांगायची, तर अपडेटपुरते मूळ प्रतीकडे परत जायचे. फेरफार प्रणालीच्या आरंभीच्या भागापुरता असेल, तर तो भाग पूर्ववत करावा, अपडेट चढवावे आणि मग हवा असल्यास फेरफार पुन्हा करावा. अँड्रॉइड ७ बरोबर, म्हणजे २०१६ पासून, आलेल्या दुहेरी रचनेच्या फोनांत प्रणालीच्या दोन जागा असतात. अपडेट रिकाम्या जागेत चढते आणि फसले तर फोन जुन्या जागेवरून चालू राहतो. ज्यांचा फेरफार खोलवर गेला आहे, त्यांना कंपनीची संपूर्ण प्रत संगणकाला तार जोडून नव्याने चढवावी लागते. येथे मात्र घाई नडते. प्रत त्याच मॉडेलची हवी. काही फोन जुन्या आवृत्तीकडे मागे जाऊ देत नाहीत. आणि प्रणाली पूर्णपणे मूळ झाल्याखेरीज बूटलोडरचे कुलूप पुन्हा लावणे म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखे आहे. कुलूप उघडताना आणि लावताना फोनमधील माहिती बहुधा पुसली जाते. तेव्हा विद्यार्थ्यांची छायाचित्रे, पटाच्या याद्या, हिशेब आधी दुसरीकडे ठेवलेले बरे.

परंतु मूळ प्रत मिळते कोठे? काही कंपन्या आपल्या फोनांच्या संपूर्ण प्रती, ताळ्याच्या आकड्यांसह, सर्वांसाठी खुल्या ठेवतात. गूगल आपल्या पिक्सेल फोनांबाबत तसे करते. सगळ्याच कंपन्या तसे करीत नाहीत. मग दुकानदार कुठून तरी, कोणी तरी चढवलेली प्रत मिळवतो. तीत काय मिसळले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला, चौदा तालुक्यांचा हा अहिल्यानगर जिल्हा. राजूर-भंडारदऱ्याच्या बाजूच्या शिक्षकाने प्रणालीच्या एका प्रतीसाठी शाळा बुडवून शहर गाठावे काय? ज्या फोनवर त्याचे शाळेचे काम आणि बँकेचा व्यवहार दोन्ही चालतात, तो संशयास्पद प्रतीवर चालावा, यापरता उफराटा सुरक्षेचा विचार कोणता?

बँकांची बाजूही नाकारता येत नाही. मुळापर्यंतचा अधिकार एखाद्या दुष्ट अॅपच्या हाती पडला, तर ते दुसऱ्या अॅपची गुपिते वाचू शकते. म्हणून बँकांची अनेक अॅप्स फेरफार केलेल्या फोनवर उघडण्यास नकार देतात. त्यांची ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. पण मग ज्याला फोन मूळ पदावर आणायचा आहे त्याची वाट मोकळी असली पाहिजे, हेही त्याच ओघाने येते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. उपकरण दुरुस्तीला किती सोपे, हे ग्राहकाला विकत घेतानाच कळावे, यासाठीच्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यात सुट्या भागांबरोबर सॉफ्टवेअरच्या अपडेटचाही विचार आहे. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोनांसाठी, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले. आपल्या निर्देशांकात अपडेटच्या जोडीला मूळ प्रतीलाही गुण असावेत: या मॉडेलची संपूर्ण प्रत कंपनी खुली ठेवते काय, तिच्या ताळ्याचा आकडा देते काय, आणि किती वर्षे देणार आहे? पडदा आणि बॅटरी यांच्या उपलब्धतेला गुण देणाऱ्यांना हे जड जाऊ नये. पडद्याचा कारखाना काढावा लागतो. ही प्रत कंपनीच्या संगणकात आधीच पडून आहे.