‘थिऑलॉजी’ला आपला शब्द कोणता?

ग्रीक भाषेत ‘थिऑस’ म्हणजे देव आणि ‘लोगॉस’ म्हणजे कथन, विवेचन. या दोहोंच्या जोडातून ‘थिओलोगिया’ हा शब्द सिद्ध झाला. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये तो येतो, आणि प्रसंग मोठा घरगुती आहे: बालकांना सांगावयाच्या कथांत कवींनी देवांचे वर्णन कसे करावे? म्हणजे आरंभी हा शब्द मठातला नव्हता. अॅरिस्टॉटलने देवांच्या कथा रचणाऱ्या प्राचीन कवींना या नावाने ओळखले आणि अविनाशी तत्त्वाचा विचार करणाऱ्या श्रेष्ठ विद्येलाही तेच नाव दिले. पुढे ख्रिस्ती आचार्यांनी तो स्वीकारला. बाराव्या शतकात अबेलार्डने आपल्या ग्रंथांना हे नाव दिले, आणि विद्यापीठांतून ती एक स्वतंत्र विद्याशाखा झाली.

पुण्यात या शाखेचे अध्ययन नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात चालते. तेथील पेपल सेमिनरी 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली. तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी या तेथे दोन वेगळ्या शाखा आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मराठीत या शब्दाला ‘ईश्वरशास्त्र’, ‘ब्रह्मविद्या’, ‘धर्मशास्त्र’ असे पर्याय योजले जातात. त्यांतील ‘धर्मशास्त्र’ सर्वांत फसवा. महामहोपाध्याय काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केला. त्यात वारसा आहे, विवाह आहे, न्यायव्यवहार आहे, प्रायश्चित्त आहे; ईश्वरस्वरूपाची चर्चा हा त्याचा मुख्य विषय नव्हे. ‘ब्रह्मविद्या’ वेदान्ताची. उरतो ‘ईश्वरशास्त्र’, आणि जैन घराची अडचण तेथेच सुरू होते.

इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला विचारले जाते, ‘तुमच्या देवाने जग कधी निर्माण केले?’ मूल घरी येऊन विचारते आणि वडीलधारी मंडळी घाईने ‘महावीरस्वामींनी’ असे सांगून मोकळी होतात. ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली, आणि अशी नोंद पुढच्या प्रत्येक ताळेबंदात चूक वाढवीत जाते. जैन दर्शनात लोक अनादी आहे. त्याला कर्ता नाही. स्वर्गातील देव आहेत, पण त्यांचेही आयुष्य संपते आणि मोक्षासाठी त्यांना मनुष्यजन्मच घ्यावा लागतो. मंदिरात ज्यांना वंदन होते ते अरिहंत आणि सिद्ध जग घडवीत नाहीत व कोणाचे कर्म माफही करीत नाहीत.

यावरूनच जैनांना ‘नास्तिक’ म्हटले गेले. मनुस्मृतीप्रमाणे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. परंतु पाणिनीच्या सूत्रावरील परंपरागत विवरणाप्रमाणे परलोक मानणारा तो आस्तिक. हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चया’त जैनांना व बौद्धांनाही आस्तिक दर्शनांतच गणले आणि चार्वाकाचा विचार निराळा केला. तेव्हा ‘आमचा धर्म नास्तिक का?’ असे मुलाने विचारल्यास ‘कोणत्या व्याख्येने?’ हा प्रतिप्रश्न टाळाटाळीचा ठरत नाही.

मग देवाविषयी विवेचन आपल्याकडे नाहीच काय? आहे, आणि ते मोठे निर्भय आहे. आचार्य समंतभद्रांची ‘आप्तमीमांसा’ केवळ 114 कारिकांची. ‘आप्त’ म्हणजे ज्याच्या वचनावर विसंबावे असा. आचार्य आरंभीच जिनेंद्रांना सांगतात की, देव आपल्या दर्शनास येतात, आपण आकाशातून विहार करता, आपल्यावर चामरे ढाळली जातात, एवढ्याने आपण आम्हांला थोर वाटत नाही. असे देखावे मायावी लोकांकडेही दिसतात. थोरवीची कसोटी दोषांचा आणि आवरणांचा संपूर्ण क्षय, तसेच युक्तीशी व शास्त्राशी विरोध न येणारे वचन, ही ठरते. भक्ताने आराध्यालाच परीक्षेस बसवावे आणि तीच त्याची स्तुती ठरावी! पुढे अकलंकांनी ‘अष्टशती’ व विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ लिहून याच ग्रंथाचे विवरण केले.

मुंबई सरकारने जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह 1918 मध्ये भांडारकर संस्थेच्या स्वाधीन झाला. त्यातील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी कित्येक भागांत सिद्ध केली. सूची इंग्रजीत आहे, आणि तिच्या मुखपृष्ठावर ‘थिऑलॉजी’ हा शब्द नाही. तेथे आहे ‘जैन साहित्य आणि तत्त्वज्ञान’.